पेटीखालचा आवाज

पेटीमास्तरांच्या घरात भाडेकरूला सगळ्या गोष्टींची मुभा होती, एक गुणगुणायची सोडून. लोधिवलीला त्यांची वरची खोली बघायला गेले तेव्हा मी माझ्या परीने सगळं विचारून घेतलं. पाणी दोन्ही वेळ येतं का, मटण-मासळी चालेल का, माहेरची माणसं राहायला आली तर काय. म्हातारा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "मटान शिजवा, सुकट भाजा, पावने आना. पन घरात गानं म्हनायचं नाय. न्हाताना बी नाय. शीळ बी नाय."

मी शेजारच्या चौक गावच्या आरोग्य केंद्रात औषधं देते. दिवसभर लोकांचे खोकले ऐकून घरी येणाऱ्या बाईला गाणं सुचतंय कुठे? मी हो म्हटलं आणि सामान आणलं.

खोली घेतल्यावर कळलं की म्हातारा स्वतः एक मिनिट स्वस्थ बसत नाही. तोंडाने नव्हे, पायांनी. गावच्या नाटकात त्यांनी उभी हयात पायपेटी वाजवली होती. पायपेटी म्हणजे रंगमंचाच्या पुढ्यात ठेवतात ती मोठी, खुर्चीवर बसून वाजवायची पेटी. तिचा भाता दोन्ही पायांनी आळीपाळीने दाबत राहावा लागतो. नाटकं बंद झाली, पण पायांना ते कुणी कळवलं नव्हतं. जेवताना, पेपर वाचताना, दाढीचा साबण लावून बसलेले असताना एक पाय खाली, एक पाय वर. धप, धप. ते खालच्या जमिनीवर आपटत आणि माझ्या खोलीत भांडी वाजत.

त्यांना थांबवणं फक्त मुलीला जमायचं. ती माथेरानला एका हॉटेलात नोकरीला होती. सुट्टीला नेरळवरून वळसा घालून न येता डोंगराच्या पायवाटेने सरळ चौकला उतरायची. घरात आली, बापाशेजारी बसली की त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायची. पाय थांबायचे. तो हात मायेचा नव्हता हे समजायला मला फार दिवस लागले नाहीत. वाजणारा नळ बंद करावा तसा तो हात होता.

मास्तर जगातला प्रत्येक आवाज पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत मोजायचे. कुकरची शिट्टी काळी चार. जुन्या हायवेवरून घाटाकडे जाणाऱ्या ट्रकचा भोंगा पांढरी पाच, "पन उतरलेली". एकदा सकाळी मला जिन्यात अडवून म्हणाले, "म्याडम, आज काळी दोनमदी बोलताय. रोज काळी तीन असता. घसा बघा." दुसऱ्या दिवशी मला खरंच ताप आला. मग माझी जाऊ राहायला आली तेव्हा तिचा आवाज ऐकून त्यांनी असंच काही सांगितलं, तिला काहीच झालं नाही, उलट ती महिनाभर धास्तावून गरम पाणी पीत राहिली. हे ज्ञान होतं की आगाऊपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

गावच्या देवीच्या उत्सवाला पूर्वी दरवर्षी एकच संगीत नाटक व्हायचं. सगळ्या महाराष्ट्राला पाठ असलेलं जुनं नाटक. नाव सांगितलं तर तुम्ही लगेच त्यातलं पहिलं पद म्हणायला लागाल, आणि मास्तरांच्या घरात ते चालत नसे, म्हणून मी इथेही नाव घेत नाही. भातशेती करणारी माणसं, पावसाळा सरला की अंगणात तालीम करायची. कुठलीशी नाटक कंपनी बुडाली तेव्हा तिची पायपेटी गावाने बैलगाडीतून आणली होती. ती आता मास्तरांच्या पुढच्या खोलीत असायची. भात्याला उंदीर लागू नये म्हणून मास्तर माझ्याकडून डांबराच्या गोळ्या मागून नेत.

त्या नाटकाच्या मोठमोठ्या गवयांनी गायलेल्या रेकॉर्डी बाजारात होत्या. मास्तरांना त्यांचा राग. "रेकॉर्डीत गानं हाय, नाटक नाय," म्हणायचे. "तीन मिन्टात पद उरकत्यात. तितं वन्समोअर कोन देनार? रेकॉर्डीला काय, सुई उचलून परत ठेवली की झालं. मानसाला परत उभं रावाया लागतं." संगीत नाटकात पद रंगलं की प्रेक्षक 'वन्समोअर' म्हणून ओरडतात, नाटक थांबतं आणि नट तेच पद पुन्हा गातो. मेलेलं पात्रसुद्धा उठून गातं आणि परत मरतं. मास्तरांच्या लेखी वन्समोअर मिळेपर्यंत पद पुरं झालेलंच नसायचं.

गावात नायिकेचं काम आधी पुरुष करायचे. साडी नेसून उभी राहिलेली पहिली बाई म्हणजे मास्तरांची बायको. ती गेली तेव्हा मुलगी रांगत होती. पोरीला आईचा चेहरा फोटोतून मिळाला, आणि आवाज मिळायला हवा होता तो एका कॅसेटमधून. बायकोने केलेल्या शेवटच्या नाटकाची ती कॅसेट. तबलजी चाचांच्या भावाने कुवेतहून टेपरेकॉर्डर आणला होता. चाचांनी तो उत्साहाने नाटकाला नेला आणि ठेवायला दुसरी सपाट जागा नाही म्हणून थेट पायपेटीवर ठेवून दिला.

उत्सवाच्या दिवशी मास्तर ती कॅसेट लावायचे. वर्षातून एकदाच, दार उघडं टाकून, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी. मी पहिल्या वर्षी कान देऊन ऐकली. पेटी, पेटी आणि पेटी. तिच्या मागे कुठेतरी कुणी बाई गात असावी असा संशय येई. शब्द कळायचे, पण सूर सगळा पेटीचा. पदाच्या शेवटी लोक खच्चून वन्समोअर ओरडत होते. मास्तर खुर्चीत डोळे मिटून बसले होते आणि पाय चालू होते.

आळीतली एक म्हातारी माझ्या कानाशी लागली, "यानंच खाल्ली गं तिला. जिती असताना सुदिक वर येऊ दिली नाय. बायकोचं नाव होईल म्हनून पेटी दाबली." हे सगळं गाव बोलायचं. मास्तरांना ते माहीत होतं, आणि ते कधी कुणाला उलटून काही बोलले नव्हते. मुलगीही तेच मानायची. ती मला म्हणाली होती, "ताई, मला आईचं एक वाक्य ऐकायचंय. एक. ह्या माणसाने तेवढंपण ठेवलं नाही."

आणि मग सिनेमावाले आले.

त्या जुन्या नाटकावर मोठा सिनेमा निघत होता. कर्जतच्या बाजूला माळावर त्यांनी जुन्या काळच्या थिएटरचा सेट लावला होता आणि त्यांना खरी पायपेटी हवी होती. कुणीतरी लोधिवलीचं नाव सांगितलं. टेंपो आला, पेटी गेली, पेटीबरोबर मास्तरही गेले, कारण पेटीला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना खपत नव्हता. त्यांना कोट-टोपी घालून पेटीवर बसवण्यात आलं. सुट्टी होती म्हणून मीही बघायला गेले.

नायिका देखणी होती. पद आधीच मुंबईत कुणीतरी गाऊन ठेवलेलं, ते कर्ण्यावर लागायचं आणि ही ओठ हलवायची. पेटीचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून त्यांनी भात्याची पट्टी सोडून ठेवली होती. "काका, नुसती बोटं हलवा," असं सांगितलं होतं. नायिकेचे ओठ चुकले की पुन्हा, दिवा हलला की पुन्हा. मास्तर पहिल्यांदा हसले. मला म्हणाले, "आमच्यात पब्लिक खूश झालं की वन्समोअर. यांच्यात चुकलं की वन्समोअर." पण पुढे पुढे ते नायिकेच्या हलणाऱ्या ओठांकडे नुसते बघत राहिले. बोटं मुकी चालत होती, पाय रिकाम्या भात्यावर पडत होते, आणि त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. अचानक उठले आणि कोट काढून चालू लागले. वाटेत मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "ते ओट बगवत नाय." मला वाटलं, म्हातारपण.

त्याच लोकांत आवाजाचं काम बघणारी एक पोरगी होती. पेटी परत करायला ती घरी आली, कॅसेटची गोष्ट तिच्या कानावर गेली आणि ती म्हणाली, "आता पेटी वेगळी काढता येते काका. कॉम्प्युटर करतो. काकूंचा आवाज एकटा ऐकू येईल."

मुलगी तेव्हा घरातच होती. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, इतकी आशा होती त्यात.

मास्तर म्हणाले, "पेटी काडायची नाय."

"अहो बाबा, पण..."

"नाय म्हंजे नाय. पेटी हाय म्हनून ते नाटक हाय."

मुलगी उठून उभी राहिली. "अजून तुमची पेटीच का? ती मेली बाबा. आता तरी तिला गाऊ द्या."

मास्तरांचे पाय चालू होते. तिने या खेपेला गुडघ्यावर हात ठेवला नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही म्हाताऱ्याची किळस आली होती. पुढच्या सुट्टीला मास्तर रानात गेलेले असताना तिने कॅसेट काढून त्या पोरीला नेऊन दिली. सिनेमात वापरायची तर वापरा, असंही सांगून आली. आईचं नाव पडद्यावर येईल म्हणून तिला भरून आलं होतं.

थोड्या दिवसांनी तिच्या फोनवर ते आलं. बापाच्या कानावर जायला नको म्हणून ती वर माझ्या खोलीत आली. दार लावलं, इअरफोनची एक तार तिच्या कानात, एक माझ्या.

पेटी नव्हती. आधी नुसती खरखर, मग श्वास. लांब, ओढून घेतलेला श्वास. आणि मग एक फाटलेला, घोगरा आवाज. वर चढताना तो तुटायचा. जिथे तान हवी तिथे ती शब्द नुसते बोलत होती. एके ठिकाणी तर काहीच नव्हतं, फक्त दाबून धरलेला खोकला. मी रोज आजारी घसे ऐकते. तो घसा बसलेला नव्हता. तो कशाने गेला होता हे मला पहिल्या ओळीत कळलं.

मग टाळ्या, आणि लोकांचा वन्समोअर. त्या गलक्यात, अगदी जवळून, बाईचा हलका आवाज आला. पुन्हा सूर घ्यायला ती पेटीशी वाकली असणार.

"आता नाय व्हायचं माज्यानं."

आणि मास्तरांचा, तरणा आवाज. "तू नुस्ती उबी रा. ओट हलव. मी हाय."

पुढचं सगळं पद रिकामं होतं. खरखर आणि लोकांची शांतता. त्या शांततेत ती ओठ हलवत उभी होती आणि पेटी तिचं गाणं गात होती. आम्ही शेवटपर्यंत ऐकलं, कारण बंद करायचं दोघींनाही सुचलं नाही.

मुलीने तार काढली. म्हणाली, "मी हे त्यांना वापरायला दिलंय ताई."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर चौकला आली. चाचांचं पंक्चरचं दुकान आरोग्य केंद्राच्या समोरच आहे, आता ते मुलगा चालवतो आणि चाचा बाकड्यावर बसून असतात. तिने त्यांना सरळ विचारलं, आईच्या गळ्याला काय झालं होतं. चाचा रस्त्याकडे बघतच बोलले.

"डाक्टरनं सांगितलेलं, लगेच मुंबईला न्या. गळ्यात गाठ हाय. उत्सव तोंडावर आला व्हता. ती बोलली, येवडं नाटक होऊ दे, मंग जाऊ. तुजा बाप नाय म्हनत व्हता. मंग आमी सगळे बोललो, होऊ दे रं येवडं. मी बी बोललो. शेवटी त्यो हो बोलला." चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंग त्यो कोनाला काय बोलनार बेटी? गाव बोलतं त्यानं तिला खाल्ली. त्यो ऐकून घेतो. त्याला वाटतं, बरोबरच हाय."

घरी मास्तर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मुलगी त्यांच्यासमोर खाली बसली. मी जिन्यात थांबले. जावं की राहावं कळेना.

"बाबा, मी ऐकलं."

मास्तरांची बोटं थांबली. "पेटी काडली?"

"काढली."

शेंगा सुपातच राहिल्या. "उगडी केलीत तिला," मास्तर म्हणाले. आवाज चढला नाही. "तीच म्हनाली व्हती मला, लोकांला कळू देऊ नको. माजी पोर मोटी झाली तरी तिला बी कळू देऊ नको. तिला सांग, तुजी आई ग्वाड गायची. मी येवडी वर्सं झाकून ठेवली गं. घरात दुसरा गळा बी वाजू दिला नाय."

मुलगी रडत म्हणाली, "मला सांगायचं होतं ना. मी तुम्हाला काय काय बोलले."

"तू बोललेलं चालत व्हतं," मास्तर म्हणाले आणि परत शेंगा सोलायला लागले.

तिने सिनेमावाल्यांना फोन केले. तो तुकडा काढा म्हणून विनवलं, मग भांडली. तिकडून उत्तर यायचं, मॅडम, अख्ख्या सिनेमात तेवढंच खरं आहे, दिग्दर्शक ऐकायचे नाहीत. त्यांनी तो आवाज नायिकेला वेड लागतं त्या प्रवेशाला घातला होता. पुढे फोन उचलणंही बंद झालं.

सिनेमा खोपोलीला लागला. आम्ही दोघींनी मास्तरांना कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण फोनवरची भांडणं त्यांनी ऐकलेली होती आणि पोस्टरही दिसलंच. उत्सवाला घालायचे तो धुवट सदरा आणि काळी टोपी घालून ते दुपारी ओसरीवर येऊन उभे राहिले. मुलगी म्हणाली, "बाबा, नका ना. कशाला बघायचं?"

"बगायला नाय जात," मास्तर म्हणाले. "ती तितं एकटी हाय. पेटी नाय तिला."

दुपारच्या शोला माणसं बेताची होती. मास्तर मध्ये, आम्ही दोन बाजूंना. मुलीने बसल्याबसल्या त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पडद्यावर दागिने, झुंबरं, मुंबईत गायलेली गुळगुळीत पदं. मास्तर ढिम्म बसून होते. मग वेडाचा प्रवेश आला. नायिका केस सोडून देवळाच्या पायऱ्यांवर बसली, सगळी वाद्यं बंद झाली आणि त्या मोठ्या थिएटरात तो फाटका आवाज एकटा सुरू झाला.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणीतरी म्हणालं, "बाप रे, कसला आवाज आहे." सुंदर नायिका ओठ हलवत होती.

मास्तरांचे पाय सुरू झाले. धप, धप. मुलीच्या हाताखालून. हाताची बोटं मांडीवर चालत होती, आणि पडद्यावरचा आवाज जिथे तुटला तिथे त्यांनी पाय असा दाबला की आमची सगळी रांग हलली. पुढच्या खुर्चीतला माणूस वळून म्हणाला, "ओ काका, पाय थांबवा जरा."

मुलीने गुडघ्यावरचा हात उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला. "दादा, थोडा वेळ चालू द्या," ती म्हणाली. "त्यांची बायको गातेय."

तो माणूस पुढे वळला.

पण सिनेमावाल्यांना सगळं पद कुठे हवं होतं? दुसऱ्या कडव्याच्या मध्येच आवाज कापला गेला आणि पडद्यावर देवळाची घंटा वाजली. मास्तरांचा उजवा पाय दाबलेला होता, तो तसाच राहिला. त्यांनी मुलीकडे बघितलं. "पुडं?"

"एवढंच घेतलंय बाबा."

"आन वन्समोअर?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मास्तरांनी पाय सावकाश वर घेतला आणि दोन्ही पावलं शेजारी शेजारी ठेवली. सिनेमा संपला तेव्हा शेवटी पडद्यावर नावं भराभर वर सरकत गेली. त्यात तिचं नाव असेल तर ते वाचायला आम्हाला सापडलं नाही.

मुलीने माथेरानची नोकरी सोडली आणि ती खाली राहायला आली. बापाशेजारी बसायची, पण आता तिला गुडघ्यावर हात ठेवायचं कारणच उरलं नव्हतं. मास्तर जेवायचे, पेपर वाचायचे, दाढी करायचे, आणि पाय जमिनीवर ठेवल्या जागी असायचे. पुढच्या उत्सवाला दार उघडलं नाही, कॅसेट लागली नाही. डांबराच्या गोळ्या मागायला ते आले नाहीत, म्हणून मीच नेऊन दिल्या, तर म्हणाले, "असू द्या, उंदरांला बी कायतरी लागतंय." माझ्या खोलीतली भांडी वाजायची बंद झाली. पूर्वी त्या धपधपीने माझं डोकं उठायचं. आता संध्याकाळी मी मुद्दाम कान लावून बसायचे.

एके दिवशी मला राहवलं नाही. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिले आणि त्या नाटकातलं ते पद, येईल तसं, मोठ्याने गुणगुणायला लागले. माझा आवाज कसा आहे ते मला माहीत आहे. पण म्हातारा चिडेल, ओरडेल, निदान एक पाय तरी खाली आपटेल असं मला वाटलं. खाली तो जिन्याशीच खुर्ची टाकून बसला होता. मला त्याची पावलं दिसत होती. ती हलली नाहीत.

मी थांबले तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही. "म्हना म्याडम," ते म्हणाले. "आता घरात कायबी म्हना."